कौसामावशीचं नाक

“हात वला हाय का गं?”

कौसामावशीच्या घरात पाय टाकला की पहिल्यांदा हा प्रश्न. ये नाही, बस नाही, पाणी घे नाही. आधी हात दाखवायचे. वरून, खालून, बोटं फाकवून. मी दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसलेली बाई, माझ्या हाताला पाणी लागणार कुठून? पण तिचं समाधान होईल तर शपथ. पदराला हात पुसायला लावायची, पुसलेले पुन्हा बघायची आणि एवढं करूनही लोणच्याच्या फळीपासून लांबच बसवायची. मी चिडून म्हणायची, “मावशी, मी लोणचं चोरायला न्हाई आले, तुमच्या पोलक्याचं माप घ्यायला आले.” तर म्हणायची, “चोरून ने वं माय, पन कोरड्या हातानं ने.”

डोंगरकडा गावात तिचं आणि आमचं घर एका भिंतीचं. नात्यानं ती माझी कोणी नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळी गल्ली तिला मावशी म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागले. बुटकी, अंगानं वाळकी, आणि डोळे कायम असे ताणलेले की कोणी आत्ताच काही वाईट बातमी सांगून गेलंय. नवरा कधीच वारला होता. मुलगा संतोष आणि सून तिच्यासोबतच. संतोष शेती बघायचा; मुख्य पीक हळद, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात अद्रक. मुलगी रेखा शिरड शहापूरला दिलेली. मावशी गेली त्याला आता वर्ष होत आलं. जन्मभर पोटाला भ्याली आणि गेली छातीनं, झोपेतच. तिला हे आधी कळलं असतं तर तिनं निदान चार घास बिनघोर खाल्ले असते.

भिण्याचं म्हणाल तर विंचू चपलेनं मारून ती पुन्हा भाकरी थापायला बसायची. साप निघाला तर पोरांना बाजूला करून स्वतः काठी घेऊन उभी राहायची. तिचं भय सगळं खाण्याच्या वस्तूंना. रात्रीचं वरण, लग्नातला मठ्ठा, दुकानातलं बाटलीतलं सरबत. फ्रीजवर तर तिचा भारीच राग. म्हणायची, “थंडीत खराबी गुमान बसती. बाहेर काढल्यावर तोंड दाखवती.” संतोषनं हौसेनं फ्रीज आणला, तर मावशीनं त्यात पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही ठेवू दिलं नाही. आणि या सगळ्या भयाचा राजा म्हणजे अद्रकाचं लोणचं. गंमत बघा, तेच लोणचं सबंध डोंगरकड्यात तिच्यासारखं कोणाला जमायचं नाही.

मी एकदा विचारलं, “एवढं भ्येव वाटतं तर करता काहून?”

“कैरीच्या लोनच्याला तेलाचं राखन हाय,” ती म्हणाली. “अद्रकाचं निस्तं लिंबाच्या रसात उघडं बसलेलं. त्याला मानूस लागतं राखायला. मी न्हाई केलं त दुसरी करील, अन् तिला भ्येव न्हाई वाटलं म्हंजे?”

म्हणजे ती भ्यायची म्हणून गावाचं पोट ठीक होतं, असा तिचा हिशोब. मला तेव्हा हसू यायचं.

तिचं राखणं बघण्यासारखं असायचं. अद्रक खरवडून, धुऊन, काड्या चिरून फडक्यावर पसरायची आणि पाण्याचा थेंब सुकेपर्यंत तिथंच ठाण मांडायची. चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्यानं धुवायची, उन्हात उपडी घालायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरावर पालथी धरायची. त्या वेळी कोणी शिंकलं तरी बरणी पुन्हा धुवायला जायची. काड्या भरल्या की वरून लिंबाचा रस असा ओतायची की एकही काडी डोकं वर काढणार नाही. “वर आली ती मेली,” म्हणायची, “अन् मरताना बाकीच्यांना घिऊन जाती.” तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा, चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. रोजच्या खाण्याचं लहान बरणीत वेगळं. मोठ्या बरणीत तिच्याशिवाय कोणाचा चमचा जायचा नाही, आणि जुन्या लोणच्यावर नवं तर कधीच पडायचं नाही.

आणि खराब झालेलं ओळखणं! डोळ्यांनी बघायची ते सगळ्यात शेवटी. आधी बरणी न हलवता कान लावायची. आत काही खदखदत असेल तर म्हणे ऐकू येतं. मग झाकण काढून, डोळे मिटून, नाक आत. मग एक काडी दोन बोटांत धरून ताणायची. तार सुटली की गेलं. काडी करकरीत न मोडता दबली की गेलं. वर पांढरी साय दिसली की मग तर बोलायलाच नको. कोणी म्हणायचं, वरची साय काढून टाकू, खालचं चांगलंय. अशा बाईकडे मावशी अशी बघायची की तिनं आपलंच लेकरू विकायला काढलंय.

गल्लीतल्या बायका आपापल्या बरण्या घेऊन तिच्याकडे यायच्या. मीही गेले होते, नवी नवरी असताना. पहिल्यांदाच केलेलं लोणचं, सासूला चकित करायचं म्हणून. मावशीनं नाक आत घातलं आणि तिचा चेहरा असा पडला की मी दोन पावलं मागं सरले. खुरपं घेतलं, परसात कडुलिंबाखाली खड्डा केला आणि माझं लोणचं मातीत पुरलं. वर दगड ठेवला. मी म्हटलं, “उकिरड्यात टाकलं असतं की.” तर म्हणाली, “गाईनं तोंड घातलं म्हंजे? मुकं जनावर, सांगता बी येत न्हाई त्याला.” त्या रात्री माझ्या सासूबाईंचं साधं पोट दुखलं, तर मी उगाचच घाबरून रडले. मावशीचं भय असं लागायचं माणसाला, सर्दीसारखं.

पुसेगावच्या लग्नाचं तर अजून सांगतात. मावशीच्या भाचीचं लग्न. पंगत बसलेली, वाढपी लोणच्याची बादली घेऊन निघाला. मावशी पंगतीतून ताडकन उठली, बादलीत नाक घातलं, झाकण लावलं आणि नवं कोरं लुगडं नेसलेली ती बाई त्या बादलीवर चक्क बसली. “उठनार न्हाई. एका बी पानात जाऊ देनार न्हाई.” पोरीचा बाप हात जोडतोय, आचारी तणतणतोय, नवरदेवाकडची माणसं हसताहेत, आणि मावशी थरथरत बसलेली. हो, थरथरत. तिला लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण उठली नाही. शेवटी पंगत बिनलोणच्याची उठली. ते लोणचं खरंच नासलं होतं का, देव जाणे. त्या लग्नात कोणाचं पोट बिघडलं नाही एवढं खरं.

मी एकदा तिला सरळच विचारलं होतं. “मावशी, तुमच्या घरी कधी काही झालं होतं का? कुणाला विषबाधा वगैरे?”

“न्हाई बा,” ती म्हणाली. “कायीच झालं न्हाई. म्हनूनच त भ्येव वाटतं.”

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात मावशीला ताप आला. सर्दी, खोकला, अंग मोडून आलेलं. पडून राहिली, मग उठली, पण उठली ती थोडी वेगळीच. मला तेव्हा त्यातलं काही उमगलं नाही. बायका बरण्या घेऊन आल्या की ती आता बरणी नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि मग म्हणायची, “तू घे बरं वास. शिकून घे. मी काय जन्माला पुरनार हाय का?” बाई वास घेऊन म्हणायची, ठीक वाटतंय. की मावशी म्हणायची, “हां, बराबर.” आम्हाला वाटलं, म्हातारी शिकवतेय. एकदा तिच्या चुलीवर दूध करपून धूर निघाला, तरी ती तिथंच शेजारी शेंगा फोडत बसलेली. मी भिंतीपलीकडून ओरडले तेव्हा दचकून उठली. “ध्यान नव्हतं गं,” म्हणाली. पण तिचे डोळे मात्र नेहमीपेक्षा जास्तच ताणलेले होते.

आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात रेखाला दिवस गेलेले. पाचवा महिना लागला तरी तिच्या उलट्या थांबेनात. पोटात काही ठरेना. फोनवर आईला म्हणाली, “तुझं अद्रकाचं लोनचं पाठीव गं. तेवढंच खावंसं वाटतं.” झालं. मावशीच्या अंगात वारं संचारलं. घरातलं खायचं अद्रक उन्हानं सुकून सुरकुतलेलं. पण मागच्या शेडात, सावलीला, पोत्यावर छान टपोरं अद्रक पसरलेलं होतं. सून तेव्हा माहेरी गेलेली, संतोष दिवसभर शेतात. मावशीनं ओचा भरून ते आणलं, चार पाण्यांनी धुतलं, खरवडलं, चिरलं, सगळे सोपस्कार केले. एक बरणी शिरड शहापूरला जाणाऱ्या गाववाल्याच्या हाती रेखाला पाठवली. दोन-चार दिवस मध्ये गेले आणि एक लहान बरणी मला दिली.

दुपारी जेवायला बसले आणि मी ती उघडली. झाकण काढलं न काढलं तोच नाकात वास घुसला. हिंगाचा नव्हे, लिंबाचा नव्हे. फवारणीचा. शेतकऱ्याच्या घरात राहिलेल्या बाईला तो वास कोणी सांगावा लागत नाही. ताट तसंच टाकून मी बरणी घेऊन शेजारी धावले.

“मावशी, यात काय घातलं तुमी?”

“काय म्हंजे? अद्रक, मीठ, लिंबू.”

“वास घ्या बरं.”

तिनं बरणी घेतली. डोळे मिटले. नाक आत घातलं. “ब्येस हाय की,” म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. हातभर अंतरावर माझ्या घशाला खवखव सुटली होती आणि ही बाई नाक आत घालून ब्येस म्हणतेय! मी संतोषला हाक मारली. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता. आला, बरणी तोंडाजवळ नेली आणि झटक्यानं मागं सरला.

“हे त बेन्याच्या औषधाचा वास हाय! आई, अद्रक कुठून घेतलं तू?”

“शेडातलं. पोत्यावर पसरेल व्हतं ना.”

संतोष मटकन खालीच बसला. ते लागणीचं बेणं होतं. कंद जमिनीत सडू नये, कीड लागू नये म्हणून लावण्याआधी ते औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवतात. त्यानं ते शेतातच बुडवलं होतं. आभाळ आलं म्हणून घरी आणून शेडात पसरलं. आईला सांगितलं नव्हतं. का सांगेल? शेडापाशी गेलं तरी डोकं धरत होतं. ते बोलून सांगायची गोष्टच नव्हती.

“तुला वास न्हाई आला?” तो ओरडला. “आई, तुला वास न्हाई आला?”

मावशी भिंतीला टेकली. मग इतक्या हळू म्हणाली की मला पुढं वाकावं लागलं. “हिवाळ्यापासून कायीच येत न्हाई मला. ना दुधाचा, ना फुलाचा. कायीच न्हाई.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“भ्याले,” म्हणाली. आणि लगेच तिचे डोळे फिरले. “रेखा! माय वं, मपली रेखा!”

रेखा फोन उचलेना. वाजून वाजून बंद. जावयाचा लागला, पण तो कामावर परगावी. म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. संतोषनं गाडी काढली. मावशी मागं बसली आणि ती पडेल या भीतीनं तिच्या मागं मी. मशीनवर अर्धं शिवलेलं पोलकं, उघडं दार, कशाचं भान नाही. सबंध रस्ता मी मावशीला दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. ती संतोषच्या पाठीला डोकं टेकवून एकच पुटपुटत होती. “नागनाथा, नाक नेलंस, खुशाल ने. लेकरू नको नेऊ.” मी काय धीर देणार? डोळ्यांपुढं नको नको ते येत होतं. रेखाला मी परकरापासून लग्नातल्या पोलक्यापर्यंत सगळं शिवून दिलेलं. दारात माणसं जमलेली दिसतील का, रडण्याचा आवाज येईल का, एवढंच वळणावळणाला मनात.

दारात कोणी नव्हतं. रेखाची सासू ओट्यावर निवांत गहू निवडत बसलेली. “या या, विहीनबाई! न सांगता-सवरता?”

“लोनच्याची बरनी कुठंय?” संतोषनं गाडीवरूनच विचारलं.

“बरनी? ती कवाच खाली झाली. सुनबाईपुरतं वाटीभर काढून ठिवलं अन् बाकीचा वानवळा देला की गल्लीत.”

वानवळा! माहेरचं काही आलं की चार घरी चमचा चमचा द्यायचं, ही आपली रीत. कोणत्याही सासूनं केलं असतं. आम्ही एका पोरीसाठी धावत आलो होतो आणि इथं सगळी गल्लीच पुढ्यात उभी राहिली.

आवाज ऐकून रेखा बाहेर आली. चेहरा पिवळा पडलेला, पण पायांवर उभी. मावशीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “खाल्लं का? रेखा, खाल्लं का तू?”

“खाल्लं ना. दोन-दोन काड्या रोज खाऊन राहिले. काहून?”

“वास न्हाई आला तुला?”

“येत व्हता,” रेखा म्हणाली. “पन मला आजकाल पोळीचा वास येतो, साबनाचा येतो, सासूबाईच्या तेलाचा येतो. म्हटलं मपलंच नाक फिरलं आसंल. तू पाठवेल लोनच्यात दोष कसा निघंल?”

मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. मी तसला आवाज आधी कधी ऐकला नव्हता आणि देव करो, पुन्हा ऐकायला न मिळो.

संतोष जीपची सोय करायला पळाला. तेवढ्या वेळात मावशी उठली आणि गल्लीत निघाली. पहिल्या घरी जाऊन म्हणाली, “अद्रकाचं लोनचं खाल्लं का वं तुमी?” बाई हसून म्हणाली, “खाल्लं की. लई छान व्हतं.” दुसऱ्या घरी, “झ्याक व्हतं, संपलं बी.” तिसऱ्या घरी, “लेकरायनं बोटं चाटून खाल्लं.” दर घरागणिक मावशीचा रंग उडत चालला. लेकरांनी! आता कोणाकोणाला जीपमध्ये घालायचं?

चौथ्या दारात मावशी उंबऱ्यावर बसलीच. आतल्या म्हातारीपुढं पदर पसरला. “बाई, तुमच्या पाया पडते. मला बरं वाटावं म्हनून बोलू नका. मला शिव्या द्या, थुका माझ्या तोंडावर, पन खरं सांगा. त्याच्यात औषध व्हतं. खाल्लं का?”

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. “खरं सांगू का? तोंडापाशी नेववलं न्हाई बाई. मागं राखुंड्याच्या खड्ड्यात टाकलं. पन वानवळ्याला कुनी नावं ठेवतं का? म्हनून गप बसले.”

मग आम्ही मागं फिरलो. तिसऱ्या घरची बाई खाली मान घालून म्हणाली, “फेकलं वं. लेकरायचं उगं बोलले.” दुसरीनं फेकलेलं. पहिलीनं तर वाटीसकट लांब टाकलेलं. पुढच्या घरांतही तेच. सगळ्या गल्लीनं नाक मुरडून फेकलं होतं आणि सगळ्या गल्लीनं रेखाच्या सासूला, लई छान व्हतं, म्हणून सांगितलं होतं. एवढी घरं, आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही! मला त्या बायकांचा राग यावा की त्यांच्या पायावर डोकं ठेवावं, कळेना. पण मावशी! जिच्या लोणच्याला जन्मात कोणी नाव ठेवलं नव्हतं, ती दर घरी “फेकलं” ऐकून हात जोडत होती. “लई उपकार झाले वं. ब्येस केलं फेकलं. लई ब्येस केलं.” रडत होती आणि हसत होती.

खाल्लं होतं ते एकट्या रेखानं. ज्यांचा मावशीवर काडीचा भरवसा नव्हता ते सगळे वाचले होते.

दवाखान्यातले डॉक्टर पोरसवदा होते, पण समंजस. रेखाला आत घेतलं, विचारपूस केली, औषधाचं नाव विचारलं. संतोषनं डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो गावातून मागवून दाखवला. ती खाल्ल्याबरोबर ओकत होती हे तिचं नशीब, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आणखी कोणी खाल्लंय?”

“कुनीच न्हाई,” संतोष म्हणाला.

मावशी कोपऱ्यात उभी होती. माझी तिच्याकडे नजर गेली आणि तेव्हा कुठं मला सुचलं. “मावशी,” मी म्हटलं, “तुमी?”

“मी त आदी स्वता खाल्ल्याबिगर कुनाला देतच न्हाई,” ती म्हणाली. “दोन दिस खाल्लं, मंगच पाठीवलं. जरा मळमळलं. म्हटलं उन्हानं आसंल. माझं राहू द्या. पोरीकडं बघा.”

मला तिचा असा संताप आला! डॉक्टरांच्या पुढ्यात मी तिला ओरडले. “मरायचं होतं का तुमाला? तोंडानं सांगता येत न्हाई?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “कुनी इच्यारलंच न्हाई गं.” खरंच होतं ते. एवढ्या घरांत विचारलं, हिला कोणी विचारलं नव्हतं.

मायलेकी शेजारशेजारच्या खाटांवर, दोघींच्या हाताला सलाईन. मावशी डोळे मिटायलाच तयार नव्हती. रेखाची छाती वरखाली होतेय का, एवढंच बघत राहिलेली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी रेखाच्या पोटावर यंत्र लावलं आणि बाळाचे ठोके मोठ्यांदा ऐकू आले, धडधड धडधड, चांगले जोरात. आम्ही सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मावशीची नजर तेवढी त्या यंत्रावर. नर्सबाईंना म्हणाली, “अजून थोडं लावून ठेवा ना बाई.”

त्यानंतर मावशीनं लोणचं केलं नाही. नाकाचं तिनं स्वतःच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. दारादारात जाऊन सांगितलं, माझ्याकडं बरणी आणू नका म्हणून. एखादी हसलीही असेल, पण तोंडावर नाही. भय मात्र कमी झालं नाही, उलट वाढलं. आधी तिला निदान भय कशाचं ते कळायचं. आता दूध तापलं की सुनेला हाक, भाजी उतरवली की सुनेला हाक. “घे गं वास. खरंच घेतला का?” सून बिचारी दमून जायची. मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि मशीन जोरात चालवायची.

पावसाळा सरता सरता रेखा माहेरी येऊन बाळंत झाली. मुलगी. गोरीगोमटी, धट्टीकट्टी. मावशीनं तिला हातात घेतलं तेव्हा आधी सगळी बोटं मोजली, डोळ्यांत पाहिलं, कानामागं पाहिलं. कुठं काही उणं नव्हतं. तरी रोज नव्यानं बघायची.

मी दिवाळीला माहेरी निघाले त्याच्या आदल्या दिवशी बाळाची झबली द्यायला गेले होते. मी तिकडं असतानाच मावशी गेल्याचा फोन आला, म्हणून तिची माझ्याजवळ राहिलेली शेवटची आठवण ही. दुपारची वेळ, रेखा खाटेवर केस वाळवत बसलेली. मावशी भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली आणि पायांवर ते लेकरू, नुकतंच तेल लावून न्हाऊ घातलेलं, पेंगुळलेलं. मावशीनं वाकून त्याच्या टाळूत नाक घातलं. डोळे मिटले. मी दारातच थांबले. पुष्कळ वेळ ती तशीच होती. दर थोड्या वेळानं खांदे वर जायचे, श्वास आत घ्यायची, पुन्हा घ्यायची.

“रेखा,” मान वर न करता म्हणाली, “कसा येतो गं हिचा वास?”

रेखानं माझ्याकडे पाहिलं. “चांगला येतो आई. लई चांगला.”

“चांगला नको सांगू. चांगला त सगळेच सांगतेत. खरा सांग.”

रेखा उठली, आईजवळ येऊन गुडघ्यांवर बसली. लेकराच्या डोक्याला नाक लावलं, गालाला लावलं, मानेपाशी नेलं. “टाळूला तेलाचा येतो,” म्हणाली. “तोंडाला दुधाचा. अन् इथं मानेच्या घडीत जरासा आंबूस. दूध वघळलं आसंल.”

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “हां,” म्हणाली, “हे खरं.” पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं त्या मानेची घडी उघडली आणि हळूहळू पुसून घेतली. मग लेकरू दोन्ही हातांनी उचलून रेखापुढं धरलं.

“आता घे,” म्हणाली. “घे अन् मला सांग.”